तक्त्यावर सहा बाय सहा, घोडबंदर रोडवर वलयं: लॅसिकनंतरच्या एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

कासारवडवलीला राहणारी आणि ऐरोलीतल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करणारी ३२ वर्षांची महिला. दोन्ही डोळ्यांचं फेम्टो लॅसिक (कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, आकार लेसरनं बदलून नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया) होऊन चार महिने झालेले. दिवसा चष्म्याशिवाय सगळं स्वच्छ. तक्रार अंधार पडल्यानंतरची आहे: समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती गोल वलय, सिग्नलच्या लाल दिव्याला चहूबाजूंनी किरणं, आणि नुसत्या डाव्या डोळ्यानं पाहिलं की दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांना खालच्या बाजूला फिकट सावली. त्याच ऑफिसातल्या मैत्रिणीनं स्माईल (नंबर घालवण्याची लेसरचीच दुसरी पद्धत) करून घेतलेलं आणि तिला यातलं काहीही नाही. त्यामुळे तपासणीच्या टेबलावर पहिला प्रश्न आला तो असा: "मी चुकीचं ऑपरेशन निवडलं का?"

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा डोळ्यांत जी मापं नेहमी सापडतात, त्याच पल्ल्यातली इथे घेतली आहेत. या तक्रारीवर "तक्ता वाचता येतोय ना, मग डोळे उत्तम आहेत" हे उत्तर सर्रास मिळतं. ते अपुरं आहे. आणि "स्माईल केलं असतं तर हे झालंच नसतं" हे दुसरं उत्तरही तितकंच कच्चं आहे.

तक्ता काय मोजत नाही

तक्त्यावर पांढऱ्या उजेडात काळी कुळकुळीत अक्षरं असतात. तेवढ्या प्रकाशात बाहुली साधारण साडेतीन मिलिमीटरवर येते आणि नजर कॉर्नियाच्या मधल्या, सर्वांत चांगल्या घासलेल्या भागातूनच जाते. मंद उजेडात या महिलेची बाहुली ७.१ मिमी भरली. म्हणजे प्रकाश आत येण्याचं क्षेत्रफळ चौपट झालं आणि कडेचा, लेसरनं पुरता न सपाट झालेला भागही चित्रात सामील झाला. गोलीय दोष, म्हणजे मधली आणि कडेची किरणं वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येण्याचा दोष, बाहुलीच्या रुंदीच्या चौथ्या घाताच्या हिशेबानं वाढतो. बाहुली दुप्पट झाली की तो सोळा पट. म्हणून तोच डोळा दुपारी तीनला निर्दोष असतो आणि रात्री नऊला माजिवडा नाक्यावर त्रास देतो.

आता रस्ता बघू. ऐरोलीहून घरी यायचं तर विटाव्यावरून कळवामार्गे, नाहीतर ऐरोली पूल ओलांडून मुलुंड, पूर्व द्रुतगती मार्ग, माजिवडा आणि पुढे घोडबंदर. शेवटच्या टप्प्यात ट्रक-कंटेनरची रांग, त्यातले निम्मे अप्पर लावून. मेट्रोच्या खांबांमधून उजेड आणि काळोख आलटून पालटून. पावसाळ्यात ओल्या काँक्रीटवर प्रत्येक दिव्याची दुसरी प्रत. दृष्टीच्या गुणवत्तेची याहून कडक परीक्षा कुठल्याही खोलीत घेता येत नाही.

आधी कागद मागवले

तपासणीआधी शस्त्रक्रियेचे कागद लागतात, आणि ते बहुतेकांकडे नसतात. या महिलेकडे फक्त पावती आणि थेंबांचं वेळापत्रक होतं. रुग्णानं लेखी मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरांच्या २००२च्या व्यवसाय-नियमावलीनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे अर्ज करून लेसरच्या मशीनचा छापील अहवाल मिळवला. "ऑपरेशन यशस्वी" असं लिहिलेला सारांश इथे कामाचा नाही. लेसरचा स्वतःचा कागदच हवा, कारण झोन, खोली आणि केंद्र यांचे आकडे त्यावरच असतात.

त्यातून कळलं ते असं. शस्त्रक्रियेआधीचा नंबर उजवीकडे −५.७५ आणि सिलिंडर (एका दिशेपुरता जास्तीचा नंबर) −०.७५, डावीकडे −५.२५ आणि सिलिंडर −१.२५. कॉर्नियाची जाडी ५३८ आणि ५४१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फ्लॅप, म्हणजे लेसर मारण्यासाठी कापून उचलतात तो कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, ११० मायक्रॉनचा. ऑप्टिकल झोन, म्हणजे लेसरनं पूर्ण दुरुस्त केलेला मधला गोल भाग, दोन्हीकडे ६.० मिमी. आणि आधीच्या तपासणीत अंधारातली बाहुली मोजल्याची नोंदच नाही.

मुख्य धागा इथेच हाताला लागला. सहा मिलिमीटरचा झोन आणि सात मिलिमीटरची बाहुली. झोन लहान का ठेवतात? ऊतक वाचवायला. लेसर किती खोल जातो याचा ढोबळ हिशेब असा: झोनच्या व्यासाचा वर्ग, गुणिले नंबर, भागिले तीन. चष्म्याचा एकूण ६.५० नंबर डोळ्यापासून १२ मिमी अंतर धरून कॉर्नियावर आणला की साधारण ६.०३ होतो. मग ६.० मिमीच्या झोनला ७२ मायक्रॉन, ६.५ मिमीला ८५. आजची अस्फेरिक (गोलीय दोष कमी ठेवणारी) प्रोफाइल याहून काही मायक्रॉन जास्त घेतात, म्हणून ६.५च्या झोनला ९५ धरू. उजव्या डोळ्यात ५३८मधून ११० आणि ९५ वजा केले तर खाली ३३३ मायक्रॉन उरतात. किमान २५० सोडायचे हा जुना नियम, बरेच सर्जन आता ३०० धरतात. कापलेल्या आणि काढलेल्या ऊतकाचं एकूण जाडीशी प्रमाण ३८ टक्के येतं. ४० टक्के ओलांडले की कॉर्निया पुढे फुगण्याची भीती वाढते. म्हणजे ६.५चा झोन या डोळ्यांत बसत होता. अर्धा मिलिमीटर वाचवून फार काही मिळालं नाही. अर्थात कॉर्निया ४९० मायक्रॉनचा असता तर हेच मत उलट झालं असतं.

मैत्रिणीशी तुलना का जमत नाही

मैत्रिणीचा जुना नंबर होता −३.२५, सिलिंडर नाही. मंद उजेडात बाहुली ५.६ मिमी. तिच्या लेंटिक्यूलचा (स्माईलमध्ये काढलेल्या ऊतकाच्या चकतीचा) झोन ६.५ मिमीचा. म्हणजे तिची बाहुली पूर्ण उघडली तरी झोनच्या आतच राहते, आणि कॉर्नियाचा आकार बदलावा लागला तो जवळपास निम्म्याच नंबरासाठी. तिच्या डोळ्यांवर लॅसिक झालं असतं तरी बहुधा तीही खूश असती. दोन माणसांचे अनुभव समोरासमोर ठेवून दोन शस्त्रक्रियांची तुलना होत नाही. नंबर, बाहुली, सिलिंडर आणि अश्रूंची स्थिती सारखी असलेले डोळे घेतले तरच ती होते.

तिसरी गोष्ट लोक विसरतात: आधी किती त्रास होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं करवलेले प्राउल नावाचे दोन अभ्यास २०१७ साली छापून आले. लॅसिकआधी ज्यांना वलय, किरणं, सावली असं काहीच दिसत नव्हतं, त्यांतल्या एका अभ्यासात ४३ टक्के आणि दुसऱ्यात ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी एखादं तरी नवं लक्षण सांगितलं. पण ज्यांना चष्म्यात किंवा लेन्समध्येच हे दिसत होतं, त्यांच्यातल्या अनेकांचं कमी झालं, आणि रोजची कामं अडावीत इतका त्रास एक टक्क्याहून कमी लोकांना झाला. म्हणून रात्रीच्या दिव्यांची चौकशी शस्त्रक्रियेआधीच करून कागदावर उतरवायला हवी. नंतर आठवून सांगितलेली तुलना हमखास डगमगते.

तक्रारीचे तुकडे पाडले

गोल वलय, फुटलेली किरणं, सावली आणि धुकं या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि बहुधा त्यांची कारणंही वेगळी असतात. वलय येतं ते झोनच्या कडेमुळे आणि गोलीय दोषामुळे. किरणं शिल्लक सिलिंडर किंवा तुटलेल्या अश्रुथरामुळे. एकाच दिशेची सावली कोमा दोषामुळे, म्हणजे उपचाराचं केंद्र सरकल्यामुळे, नाहीतर पुन्हा सिलिंडरमुळे. आणि सगळ्यावर पातळ पडदा असल्यासारखं धुकं हे प्रकाश विखुरल्यामुळे: पीआरकेनंतरचा (फ्लॅप न कापता पृष्ठभागावर करायच्या लेसरनंतरचा) हेझ, म्हणजे कॉर्नियावरचा धूसरपणा, स्माईलनंतर पहिल्या काही आठवड्यांतला दोन थरांमधला खडबडीतपणा, किंवा फ्लॅपखालची सूज.

घरी करायची एक साधी चाचणी दिली. गाडी उभी करून, चालकाच्या नव्हे तर शेजारच्या सीटवर बसून, लांबचा एकच दिवा निवडायचा. एकेक डोळा झाकून बघायचं. पापण्या दोन-तीनदा मिटून उघडायच्या: काही सेकंद स्वच्छ दिसून पुन्हा किरणं फुटली तर दोष अश्रूंचा. मग गाडीतला आतला दिवा लावायचा: बाहुली लहान होऊन वलय आक्रसलं तर दोष झोनचा. शेवटी गाडीतून उतरून तोच दिवा उघड्यावरून बघायचा. किरणं नेहमी एकाच तिरक्या रेषेत येत असतील आणि बाहेरून बघितल्यावर गायब होत असतील, तर कारण डोळ्यात नाही. वायपरनं ओरखडलेल्या पुढच्या काचेत आहे. हे ऐकून हसू येतं, पण काच बदलून तक्रार मिटल्याची उदाहरणं कमी नाहीत.

या महिलेनं आणलेली उत्तरं: पापण्या मिटल्यावर किरणं निम्म्यानं कमी, दोन्ही डोळ्यांत. आतल्या दिव्यानं वलय लहान, दोन्ही डोळ्यांत. सावली फक्त डावीकडे, आणि ती कशानंच जात नाही.

दवाखान्यातली मापं याला जुळली. उजवा डोळा ६/६, नंबर शून्य. डावा ६/६ पण एक-दोन अक्षरं चुकवत, नंबर −०.२५ आणि सिलिंडर −०.५० × १६५. तो घातल्यावर ६/५. अश्रुथर तुटण्याची वेळ उजवीकडे ५ आणि डावीकडे ४ सेकंद. दहाच्या खाली आली की ती कमी धरतात. अश्रू किती येतात ते मोजणारी शिर्मरची पट्टी ५ मिनिटांत ९ आणि ८ मिमी भिजली. कॉर्नियाच्या खालच्या भागात तपासणीच्या रंगाचे बारीक ठिपके, म्हणजे कोरडेपणाची खूण. पापणीच्या कडेवरच्या तेलग्रंथींची तोंडं बुजलेली. आठ-नऊ तास एसीच्या झोताखाली एक्सेलची पानं बघणाऱ्या माणसाला हे अनपेक्षित नाही; त्यात लॅसिकचा फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या वरच्या थरातल्या नसा तुटलेल्या असतात, आणि त्या भरून यायला सहा महिने ते वर्ष लागतं.

अॅबरोमेट्री (डोळ्यातल्या प्रकाशदोषांचं मोजमाप) ६ मिमी बाहुलीवर: एकूण उच्च क्रमाचा, म्हणजे चष्म्यानं न जाणारा, दोष उजवीकडे ०.५२ मायक्रॉन, त्यात गोलीय ०.३८. डावीकडे एकूण ०.६१, गोलीय ०.३६ आणि कोमा ०.३७. शस्त्रक्रिया न झालेल्या तरुण डोळ्यात याच बाहुलीवर एकूण आकडा साधारण ०.३ ते ०.४च्या घरात असतो. डाव्या डोळ्याच्या टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात) सपाट झालेला भाग सुमारे ०.४ मिमी खाली आणि कानाच्या बाजूला सरकलेला दिसला. सावलीचा पत्ता तिथे लागला.

इथे एक सावधगिरी. तुटक्या अश्रुथरावर घेतलेली अॅबरोमेट्री जास्तच वाईट दिसते, आणि तिच्यावर विसंबून पुन्हा लेसर मारला तर अश्रूंचा दोष कॉर्नियावर कोरला जातो. म्हणून पुढचा निर्णय आठ आठवडे थांबवला.

आठ आठवडे

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कार्बोक्सिमिथिलसेल्युलोज ०.५ टक्क्याचे थेंब (कृत्रिम अश्रू) दिवसातून सहा वेळा. कोरडं वाटल्यावर नव्हे तर घड्याळ लावून. डोळ्यातला दाह कमी करणारं सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के दोन वेळा. याचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे जातात आणि सुरुवातीला चुरचुरतं, म्हणून लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं गरम शेक आणि त्यानंतर लगेच पापणीच्या कडेला हलका दाब. गरम रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून तो बदलत राहायचा किंवा शेकायची पट्टी वापरायची. नुसता एकदा रुमाल ठेवून ग्रंथीतलं तेल वितळत नाही. एसीची झडप चेहऱ्यावरून वळवली, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेखाली आणली. ओमेगा-३च्या कॅप्सूल बंद केल्या: २०१८ सालच्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत.

रात्रीच्या गाडीसाठी दोन तात्पुरत्या सोयी. एक, डाव्या डोळ्याच्या त्या छोट्या नंबराचा, परावर्तन रोखणाऱ्या कोटिंगचा चष्मा. चष्मा घालवायला पैसे मोजलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, पण अर्ध्या सिलिंडरचा फरक रात्री खरोखर जाणवतो. सिग्नलवर विकतात ते पिवळ्या काचांचे "नाइट व्हिजन" चष्मे मात्र उजेडच कमी करतात. अंधारात त्यांचा फायदा नाही. दोन, ब्रिमोनिडिनचा एक थेंब, निघण्याआधी पाऊण तास. हे मूळचं काचबिंदूचं औषध आहे. अंधारात बाहुली पूर्ण उघडू देत नाही. दवाखान्यात थेंब टाकून मोजलं तेव्हा बाहुली ७.१वरून ५.९वर आली आणि वलय जवळजवळ गेलं. या कामासाठी त्याला अधिकृत मंजुरी नाही. काहींना झोप येते, तोंड कोरडं पडतं, वारंवार वापरलं तर डोळे उलट लाल होतात. म्हणून पहिला थेंब घरी असताना, आणि नंतर फक्त लांबच्या रात्रीच्या प्रवासाला. पिलोकार्पिननंही बाहुली लहान होते, पण ते टाळलं: नंबर गेला तरी डोळा लांबटच राहतो, आतला पडदा (रेटिना) ताणलेलाच असतो आणि या औषधानं तो सुटण्याचा धोका थोडा वाढतो. याच कारणासाठी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासणं सुटत नाही.

आठ आठवड्यांनी अश्रुथर ९ सेकंद टिकू लागला, ठिपके गेले, किरणं जवळपास थांबली. डावीकडचा कोमा ०.३७वरून ०.३१ झाला, त्यातला तेवढा भाग अश्रूंचाच होता. वलय कायम, पण सवयीनं कमी जाणवणारं. मेंदूचं हे जुळवून घेणं सहा महिने ते वर्षभर चालू राहतं.

याच डोळ्यांवर दुसरं काही केलं असतं तर

स्माईलमध्ये फ्लॅप नाही. दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ऊतकाची चकती ओढून काढतात. या नंबराला ६.५च्या झोननं चकती साधारण ११५ ते १२० मायक्रॉनची झाली असती, कारण तिच्या कडेला धरता यावं म्हणून १०-१५ मायक्रॉन जास्तीचे ठेवावे लागतात. चकतीच्या वरचा, न काढलेला थर, म्हणजे टोपण, १२० धरलं तर खाली ३०० उरतात. जमलं असतं, पण ऐसपैस नाही. गोलीय दोष कमी वाढला असता, कारण कडेकडे लेसरचा मारा तिरका पडून वाया जाण्याचा प्रश्न तिथे नाही आणि त्याच आकड्याचा झोन प्रत्यक्षात मोठा उतरतो. नसा कमी तुटल्यामुळे कोरडेपणाही कमी. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मात्र लॅसिकवाल्यापेक्षा धूसर दिसलं असतं.

डाव्या डोळ्यात अडचण सिलिंडरची होती. माणूस आडवा झाला की डोळा काही अंशांनी फिरतो. एक्सायमर (लॅसिक-पीआरकेतल्या) लेसरची बहुतेक यंत्रं हे ओळखून जुळवून घेतात. स्माईलच्या पहिल्या पिढीच्या यंत्रात ती सोय नव्हती आणि सर्जनला बसलेल्या स्थितीत डोळ्यावर खुणा करून हातानं जुळवावं लागे. दहा अंशांची चूक झाली तर सिलिंडरचा तिसरा हिस्सा शिल्लक राहतो, म्हणजे १.२५मधले ०.४०च्या वर. केंद्रही रुग्णानं दिव्याकडे नीट पाहण्यावर अवलंबून. त्यामुळे सावलीची तक्रार स्माईलमध्येही तितकीच शक्य होती. आणि झाली असती तर उचलायला फ्लॅप नसल्यानं दुरुस्ती बहुधा पीआरकेनं करावी लागली असती.

पीआरके किंवा ट्रान्स-पीआरकेत पृष्ठभागावरच लेसर. फ्लॅप नाही, म्हणून ठाणे स्टेशनवर साडेआठच्या लोकलमध्ये चढताना कुणाचं कोपर लागून फ्लॅप सरकण्याची धास्ती नाही. बदल्यात तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, पट्टीची लेन्स चार-पाच दिवस, नजर स्थिरावायला तीन महिने. सहाच्या आसपासच्या नंबराला हेझ टाळायला ०.०२ टक्के मायटोमायसिन (व्रण रोखणारं औषध) काही सेकंद लावतात, आणि स्टिरॉइडचे थेंब महिनोन्महिने चालत असल्यानं डोळ्याचा दाब तपासत राहावा लागतो. वलयाच्या बाबतीत मात्र सहा मिलिमीटरचा झोन पीआरकेनं दिला असता तरी हेच वलय दिसलं असतं.

सहा महिने ते वर्षानंतर तक्त्यावर तिन्ही पद्धती जवळपास बरोबरीला येतात. या डोळ्यांत फरक पडला तो झोन, केंद्र आणि अश्रू यांनी. पद्धतीच्या नावाचा नंबर त्यानंतर.

डाव्या डोळ्याचं काय ठरलं

टोपोग्राफीवर आधारलेला लेसर, म्हणजे जाहिरातीतलं काँटुरा, सरकलेलं केंद्र दुरुस्त करू शकतो. डावीकडे ऊतक शिल्लक आहे, फ्लॅप पहिल्या वर्षात सहज उचलता येतो. उशीर झाला, विशेषतः तीनेक वर्षं उलटली, की उचललेल्या फ्लॅपच्या कडेखाली पेशी वाढण्याचा धोका चढतो. पण कोमा काढताना नंबरही थोडा हलतो आणि त्याचा अंदाज बांधून आधीच भरपाई करावी लागते. उजव्या डोळ्यात तर नंबर शून्य असताना नुसता झोन वाढवायला जाणं म्हणजे चांगला नंबर पणाला लावणं, म्हणून तो डोळा यादीतून काढला.

सहाव्या आणि नवव्या महिन्याला डाव्या डोळ्याचा नंबर तोच भरला, म्हणजे स्थिर. दुरुस्ती करता येईल असं सांगितलं. या महिलेनं रात्रीचा चष्मा निवडला आणि दुरुस्ती बाराव्या महिन्याच्या तपासणीपर्यंत पुढे ढकलली. आमच्या मते हा निर्णय रास्त आहे, सावली दिवसाही दिसू लागली तरच बदलावा.

फाइलमध्ये आता चार कागद एकत्र लावले आहेत: शस्त्रक्रियेआधीचा नंबर आणि कॉर्नियाच्या वक्रतेची मापं, लेसरचा अहवाल, चौथ्या महिन्याची टोपोग्राफी, आणि स्थिर झाल्यानंतरचा नंबर. पंचवीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सची ताकद नेहमीच्या सूत्रानं काढली तर कमी येते आणि डोळ्याला प्लस नंबर राहतो. तेव्हा आधी हेच कागद मागतील. मोबाइलमध्ये फोटो आणि घरच्या कपाटात मूळ प्रत, दोन्ही ठेवायला सांगितलं आहे.